लहान्याच्या घरी माझा फ्रीज

"काका, विम्याचे आता काम पडलं," असं म्हणत लहान्या आमच्या ओट्यावर येऊन बसला, तेव्हा मला, खरं सांगतो, आनंद झाला. जव्हारमध्ये मी इतकी वर्षं विमा विकतो आहे, की मला येताना पाहून दुकानदार गिऱ्हाईक सोडून आत जातात. ओळखीचे लोक चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकतात आणि मी पुढे जाईपर्यंत वाकलेलेच राहतात. अशा धंद्यात कुणी आपण होऊन विम्याचं बोलायला घरी येणं म्हणजे दिवाळीच. मी बायकोला, रंजनाला, चहा टाकायला सांगितलं आणि आवाजात थोडा भारदस्तपणा आणला.

लहान्या साखरशेतचा. थोडी भाताची, थोडी नागलीची शेती, आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन भिवंडीकडे बांधकामावर मजुरी. त्याच्या पाड्यावर विमा काढलेला तो एकटाच माणूस. त्याची मुलगी रुपी आठ वर्षांची. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. सगळ्यांनी तिला कुपोषित ठरवलं. अंगणवाडीत खाऊ घातलं, शाळेत खाऊ घातलं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक साहेबानं राजगिऱ्याचे लाडू खाऊ घातले. पोरगी खाऊन खाऊन कंटाळली आणि पोट वाढतच राहिलं. शेवटी जव्हारच्या एका डॉक्टरीणबाईंना वेगळीच शंका आली आणि त्यांनी तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं आजाराचं नाव निघालं, गोशे.

हे नाव एका फ्रेंच डॉक्टरचं. हजारो-लाखोंत एखाद्याला होणारा आजार. शरीरात एका प्रकारची चरबी जिरवणारा रसच तयार होत नाही, मग ती चरबी पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, जाऊन बसते. रुपीची पाणथरी अर्ध्या पोटाएवढी झाली होती. जोराचा धक्का लागला तर फुटायची भीती, आणि रक्त असं झालेलं की जरा कुठं खरचटलं तरी वाहणं थांबायचं नाही. म्हणून पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, पोरांत मिसळायचं नाही. औषध होतं. दर पंधरवड्याला शिरेतून द्यायचं, जन्मभर. त्याची किंमत सांगण्याआधी डॉक्टरांनी लहान्याला खुर्चीत बसवलं होतं म्हणे.

"तर काका, आता विमा द्या," लहान्या म्हणाला.

माझा भारदस्तपणा तिथंच संपला. मी घसा साफ केला. हा विमा आयुष्याचा आहे, आजाराचा नाही, असं म्हणालो. तो म्हणाला, आयुष्याचंच काम पडलंय. मी म्हणालो, तसं नाही रे, तुला काही झालं तर पैसे मिळतात.

"काय झालं तर?"

रंजना चहाचा कप घेऊन दारात थांबली होती.

"म्हणजे… तू गेलास तर," मी म्हणालो.

लहान्यानं नीट विचार केला. "मग पोरीला औषध पुरंल?"

"नाही रे. थोडे महिने."

"मग नको," तो म्हणाला. बैलाचा सौदा मोडावा तसं म्हणाला, चहा प्यायला, आणि गेला.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ओरडत नाही. ती फळ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघते. "अहो," ती म्हणाली, "माणसं गेल्यावर त्यांच्या कागदांसाठी इतकी धावपळ करता. एकदा जिवंत माणसासाठी करून बघा."

आता यापुढं घडलेल्या सगळ्याची जबाबदारी या वाक्यावर आहे, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

आधी मी लहान्याला घेऊन सरकारी आरोग्य कार्डाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलानं संगणकात खूप शोधलं. आजार यादीत नव्हता. मुलगा मनाचा फार चांगला. त्याला आम्हांला रिकाम्या हातानं परत पाठवणं जड जात होतं. "पोटातच आहे ना?" तो म्हणाला. "मग अपेंडिक्स टाकू का? त्याला लगेच मंजुरी येते." अपेंडिक्सची मंजुरी आली की अपेंडिक्सच काढतील, हे त्याला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. दुर्मीळ आजारांसाठी सरकारची वेगळी मदत असते. तिचा अर्ज मुंबईच्या रुग्णालयातून वर गेला, आणि वर गेलेल्या गोष्टी खाली यायला वेळ लागतो. खाजगी विम्यातल्या माझ्या मित्रानं तर फोनवरच सांगितलं, "जन्मापासूनचा आजार आहे. मुलीनं जन्माआधी पॉलिसी काढली असती तर काहीतरी करता आलं असतं." हा विनोद नव्हता. तो नियमच वाचून दाखवत होता.

एव्हाना आळीत बातमी पसरली होती. सल्ला देण्याच्या बाबतीत आमची आळी दानशूर आहे. समोरचे चौधरी तात्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते रोज संध्याकाळी येऊन माझी फाईल तपासू लागले. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदारानं सांगितलं, मोबाईलवर व्हिडिओ टाका, लोक पैसे देतात, फक्त आईबापांनी रडायला हवं. मी साखरशेतला जाऊन व्हिडिओ काढला. लहान्या आणि त्याची बायको पुतळी आधार कार्डाचा फोटो काढल्यासारखे ताठ बसले, आणि मी "जरा दुःखी व्हा" म्हटल्यावर रुपीला हसू आवरेना. "माझे पोटात फ्रेंच डॉक्टर बसलाय," ती कॅमेऱ्याला म्हणाली, "तो खातो नि मी जाडी दिसतंय." व्हिडिओ खूप लोकांना आवडला. पैसे कुणी दिले नाहीत. माझ्या मेव्हण्यानं विचारलं, मुलगी कुठल्या मालिकेत काम करते?

मग एक संस्था सापडली. नाव सांगत नाही, माणसं सज्जन आहेत. सरकारी मदत येईपर्यंत आणि ती अपुरी पडली तर पुढंही, ते गरीब घरातल्या अशा मुलांच्या औषधाचा खर्च भागवतात. अर्ज झाला, कागद झाले, दाखले झाले. शेवटची एकच पायरी उरली. संस्थेच्या मॅडम मुंबईहून येऊन घर बघणार होत्या. कुटुंब खरंच गरजू आहे ना, एवढंच.

तात्या लगेच पुढं सरसावले. "घरावरचे दोन पत्रे काढून ठेवा. पोरीला फाटका फ्रॉक. लहान्याच्या म्हाताऱ्या आईला कोपऱ्यात कण्हत निजवा."

मला राग आला. मी म्हणालो, "तात्या, खोटं काही करायचं नाही. घर जसं आहे तसं दाखवायचं. ते पुरेसं आहे." आणि लहान्याला निरोप धाडला, मॅडम घर बघायला येणार आहेत, सगळं नीटनेटकं असू दे. मला म्हणायचं होतं, झाडून काढा.

त्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या जागी मोकळी भिंत दिसली. "दुरुस्तीला दिलाय," रंजना म्हणाली. मला मॅडमना एसटी स्टँडवरून घ्यायचं होतं, म्हणून मी खोलात शिरलो नाही.

मे महिना होता. घरातल्या कणग्या, म्हणजे धान्य साठवायच्या कुडाच्या उंच टोपल्या, या दिवसांत तळाला गेलेल्या असतात. आम्ही जीपमधून उतरलो, तर लहान्याच्या अंगणात दोन धष्टपुष्ट बैलजोड्या बांधलेल्या. लहान्याकडे एकच बैल आहे, आणि तोही वयस्कर. ओट्यावर ग्रामपंचायतीच्या लाल खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. आत गेलो तर कणगी तोंडापर्यंत भाताने भरलेली. भिंतीशी एक टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल. छताला पंखा नव्हता, पण जमिनीवर तीन टेबलफॅन उभे होते आणि तिघंही एकमेकांना वारा घालत होते. आणि समोर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, पाटावर बसवलेला, दारावर आमच्या मुलानं लहानपणी चिकटवलेल्या वाघाच्या चित्रासकट, माझा फ्रीज.

लहान्याची आई, माघी आजी, नवं लुगडं नेसून, गळ्यात कुणाची तरी चांदीची माळ घालून दारात उभी होती. तिचा चेहरा फुललेला. मॅडमसमोर "आजी, हे तुमचं नाही" असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

मॅडम तरुण आणि अभ्यासू होत्या. त्यांनी विचारलं, "खाण्यापिण्याची अडचण होते का?"

"बया," आजी म्हणाली, "आमचे घरात आलेला उपाशी जात नाय." आणि कोंबडीचा रस्सा आला.

"भात वर्षभर पुरतो?"

"बघ की कणगी."

मॅडमनी बघितली. लिहिलं. मग त्यांनी कौतुकानं फ्रीज उघडला. आत आजीनं सुकट ठेवली होती, मांजरापासून वाचवायला. त्या दिवसापासून आमच्या घरी दह्यालासुद्धा सुकटीचा वास येतो, आणि पाहुणे ताक घ्यायला नको म्हणतात.

मॅडम जाताना फार प्रेमानं बोलल्या. आठवड्याभरात पत्र आलं, कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्यामुळे अर्ज मंजूर करता येत नाही.

रंजनाला मी जाब विचारला. ती म्हणाली, "आजी स्वतः आल्या होत्या मागायला. पाड्यावर कुणाच्या सोयरिकीला घर बघायला येतात, तेव्हा सगळे आपापलं आणून ठेवतात. ती रीतच आहे. मी नाही कसं म्हणणार? आणि तुम्ही तिथं काही बोललात का?" यावर मी विषय बदलला.

संस्थेच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वस्तू दुसऱ्यांच्या आहेत असं ज्याच्यात्याच्या नावानं प्रतिज्ञापत्र आणा. झालं! एका सकाळी अख्खा पाडा दोन जीपगाड्या भरून जव्हारला आला. शेजारच्या घरातला जिव्या तर पुरावा म्हणून टीव्हीच घेऊन आला होता. आम्ही एका दस्तलेखकाच्या टेबलासमोर रांग लावली. त्यानं पहिल्याच माणसाला विचारलं, "वस्तू चोरीला गेली होती?"

"नाय. मी दिलेली."

"भाड्यानं?"

"नाय."

"विकली?"

"नाय वो. पाव्हणे येणार होते."

दस्तलेखकानं पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे खरेदीखत होतं, भाडेकरार होता, बक्षीसपत्र होतं, हरवल्याची तक्रार होती. माणसानं आपला टीव्ही शेजाऱ्याच्या अब्रूसाठी एक दिवस दिला, याचा नमुना त्याच्याकडे नव्हता. तेवढ्यात तिथं आलेल्या तात्यांनी सल्ला दिला, आधी चोरीचा गुन्हा नोंदवा, मग मागे घ्या. पाड्यातली माणसं तात्यांकडे अशा नजरेनं बघू लागली, की मी घाईघाईनं सगळ्यांना वडापाव खायला नेलं. माझी फाईल उघडून लोक तिच्यावर वडापाव खात होते आणि मी, वीस वर्षांच्या अनुभवाचा विमा प्रतिनिधी, टीव्ही मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्याच तिरीमिरीत मी मॅडमना परत फोन लावला आणि जे घडलं ते सरळ सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मी पुन्हा येते. पण या वेळी घर जसं आहे तसं."

आता हे आजीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. पुतळी विहिरीवर गेली होती. रुपी ओट्यावर बसून समोर लंगडी खेळणाऱ्या पोरांचे डाव मोजत होती. तिला एवढंच करायची परवानगी होती. मी आजीजवळ बसलो आणि गोलगोल बोलू लागलो. आजीनं थांबवलं.

"काय झालं ते सांग."

"आजी, ते सामान आणून ठेवायला नको होतं."

"का? मी काय खोटं बोललंय का? मी बोलले का, की माझं हाय?" ती म्हणाली. "अरे, येवढं महाग औषध. रिकामे घरात कोण देईल? म्हणतील, हे पोरीला जेवायला घालू शकत नाय, औषध काय सांभाळतील. पोरगी देताना नाय बघत का माणसं, घर भरलंय का ते?"

मी इतकी वर्षं विमा विकतो आणि आम्हीसुद्धा हप्ता भरू शकेल त्यालाच शोधतो. तरी मी बोललो, आणि फार वाईट बोललो. "आजी, हे औषध गरिबालाच मिळतं."

आजीनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू त्यांना जाऊन सांगलंस, आम्ही गरीब?"

मी मान खाली घातली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. या बाईनं जन्मभर कुणापुढं हात पसरला नव्हता, आणि मी तिचं रिकामं घर दाखवायला माणसं बोलावत होतो. अंगणात पोरांचा गलका झाला. रुपीनं उठून उभं राहून बघितलं, पोटावर हात धरला आणि परत हळूच बसली. आजीनंही ते बघितलं.

मग ती म्हणाली, "येऊ दे. रिकामं दाखवीन. पण माणसं मी बोलावणार, ती मात्र नाय काढायची."

मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा अंगणात लहान्याचा म्हातारा बैल एकटा रवंथ करत उभा होता. खुर्च्या नाहीत, पंखे नाहीत. कणगीत तळाला हात घालावा लागेल एवढं भात. आजी जुन्या लुगड्यात. आणि घरात, ओट्यावर, परसात, माणसंच माणसं. सगळा पाडा येऊन बसलेला. मॅडमना बसायला जागा करताना चार जणांना उठावं लागलं. या वेळी कोंबडी नव्हती. नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी. "आज जे हाय ते," आजी म्हणाली. तिनं ताट दोन्ही हातांनी पुढं केलं.

मॅडमनी भाकरी खाल्ली. मग कागद काढले. "गरजेबद्दल आता शंका नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. दिवाळीनंतर हिचे आईवडील कामाला जातात. औषधाचा एकही पंधरवडा चुकून चालत नाही. यांच्या माघारी हिला जव्हारला कोण नेणार? आजींना झेपेल का? अशा बऱ्याच मुलांचं औषध मध्येच सुटतं हो."

लहान्या काही बोलायच्या आत जिव्या उभा राहिला. "मी नेन."

"दर वेळी?"

"तो नाय, तो ऐन वेळी पिऊन पडंल," मागून एक बाई म्हणाली. "मी नेन." मग आणखी एक उठला. मग वाद सुरू झाला. पहिला पंधरवडा कुणाचा, यावरून दोन भाऊबंद भांडायला लागले. कुणाची मोटरसायकल चांगली, कुणाची वाटेत बंद पडते, याची जाहीर उणीदुणी निघाली. मॅडम एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या कागदावर पालकाच्या नावासाठी एकच ओळ होती. आजी मात्र भिंतीला टेकून शांत बसली होती.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "आजी," त्या म्हणाल्या, "घर भरलेलं आहे तुमचं."

"मग," आजी म्हणाली, "पहिल्या वेळी तेच दाखवत होते ना मी."

औषध जूनमध्ये सुरू झालं. पहिले काही डोस मुंबईला, मग जव्हारच्याच सरकारी दवाखान्यात. दर पंधरवड्याला पाड्यातलं कुणीतरी रुपीला घेऊन यायचं. परतताना ती मंडळी आमच्याकडे थांबायची, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या तब्येतीचीही आम्हांला नीट खबर मिळायची. एकदा जिव्याही आला. अगदी शुद्धीत, इस्त्रीचा शर्ट घालून. पावसाळा गेला, भात कापून झालं. दिवाळीनंतर लहान्या आणि पुतळी भिवंडीला गेली. मी माझ्या धंद्याला लागलो, लोक पुन्हा चपलेचा पट्टा नीट करू लागले.

डिसेंबरात एका सकाळी मोठ्यानं हाक ऐकू आली. बाहेर आलो तर लहान्या. भिवंडीहून सुट्टी घेऊन आदल्या संध्याकाळी घरी आलेला, आणि आता साखरशेतहून धापा टाकत आलेला. खांद्यावर रुपी. रंजना हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"काका, पोरगी पडली!" लहान्या ओरडला. पण चेहरा हसरा. त्यानं तिला ओट्यावर उभं केलं आणि तिचा फ्रॉक गुडघ्यावर धरून दाखवला. "काल खळ्यावर पोरांच्या मागं पळाली. पळाली, काका! मी बघितलं. आणि पडली. बघा!"

गुडघा चांगलाच खरचटला होता. त्यावर काळसर, कोरडी खपली धरली होती. मी खाली वाकलो, रंजना खाली बसली. आम्ही दोघं ती खपली बघत राहिलो. रुपीला आमचं काय चाललंय ते कळेना. ती एका पायावर उभी राहून दुसरा गुडघा खाजवू लागली.

"खाजवू नको," रंजना म्हणाली, आणि तिला जवळ घेऊन रडायला लागली.

"रडता काय बाई?" रुपी म्हणाली. "मना नाय दुखत." आणि ती सुटून अंगणातून पळत फाटकापर्यंत गेली.